डेटा गावाचा, मग नकाशा ठेकेदाराच्या खिशात का?

"डेटा आहे हो, पण जुन्या सॉफ्टवेअरमधून काढता येत नाही."

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. नगरपरिषदेत वसुलीच्या खिडकीवर, पतसंस्थेत, बाजार समितीत, मुलाचा जुना दाखला काढायला गेलात तेव्हा शाळेच्या ऑफिसात. समोरचा माणूस खांदे उडवतो, आपण मान हलवतो आणि घरी येतो. कॉम्प्युटरचं आहे म्हटल्यावर आपण काय बोलणार?

आज त्याच वाक्यावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी संबंधित आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी प्रकरण काय ते सांगतो.

आपल्या नगरपरिषदेची घरपट्टी आणि पाणीपट्टी बरीच वर्षं एका खासगी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होती. कराराची मुदत संपली, आता नवीन प्रणाली येणार आहे. त्याला कुणाचाच विरोध नाही. पण नवा ठेकेदार म्हणतो, जुन्या डेटाबेसची रचना सांगणारा एकही कागद आम्हाला मिळाला नाही. मागणी कोणत्या टेबलात आहे, पावती कोणत्या, नाव बदललं की जुनं नाव कुठे जातं, काही कळायला मार्ग नाही. जुनी कंपनी म्हणते, कागद द्यायचे असं करारात कुठे लिहिलं होतं? आणि कार्यालय म्हणतं, आमच्याकडे तांत्रिक माणूस नाही.

तिघेही आपापल्या जागी बरोबर आणि नुकसान फक्त गावाचं. असा हा मामला.

यावर आता दोन पर्यायांची चर्चा आहे. पहिला, जुन्याच कंपनीला वेगळे पैसे मोजून डेटा काढून घ्यायचा. दुसरा, मागचं सगळं सोडून द्यायचं आणि फक्त ३१ मार्चची थकबाकी नव्या सिस्टीममध्ये चढवायची.

माझं म्हणणं सरळ आहे. तिसरा पर्याय आहे. तो कायदेशीर आहे, त्याला लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि तालुक्यातल्या कोणत्याही जाणत्या डेटाबेसवाल्याला तो माहीत आहे. तो टिपणीवर का येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

नुसती थकबाकी चढवली तर काय होईल?

हे आधी समजून घ्या, कारण दुसरा पर्याय वरवर स्वस्त दिसतो आणि तोच मंजूर होण्याची भीती आहे.

समजा तुमच्या नावापुढे नव्या सिस्टीममध्ये थकबाकी दिसते. तुम्ही म्हणता, मी तर भरलेत. खिडकीवरचा लिपिक म्हणतो, पावती दाखवा. आज जुन्या सिस्टीममध्ये तो स्वतः पावती शोधू शकतो. उद्या शोधू शकणार नाही, कारण पावत्या मागेच राहिल्या, फक्त शिल्लक आकडा पुढे आला. म्हणजे पुरावा द्यायची जबाबदारी कार्यालयावरून उचलून तुमच्या डोक्यावर. दहा वर्षांपूर्वीची पावती ज्याच्याकडे असेल तो वाचला. बाकीच्यांनी पुन्हा भरायचे.

फक्त पावत्यांचाच प्रश्न नाही. चतुर्थ वार्षिक आकारणीत तुम्ही हरकत घेतली, सुनावणी झाली, कर कमी झाला. त्याची नोंद जुन्या डेटात आहे. माजी सैनिकाच्या घराला करमाफी कधीपासून मिळाली, ती नोंद तिथे आहे. घर विकलं, वारस लागले, कोर्टाची स्थगिती आली, सगळं तिथे आहे. ही नोंद म्हणजे घराची कुंडली आहे. ती फाडायची आणि शेवटच्या ओळीतला आकडा तेवढा जपून ठेवायचा, याला आधुनिकीकरण म्हणायचं?

आणि थकबाकी नसल्याचा दाखला कशाकशाला लागतो ते तुम्हाला माहीत आहे. बांधकाम परवान्याला लागतो. निवडणुकीला उभं राहायचं तरी लागतो. तेव्हा नगरसेवक मंडळींनीसुद्धा हा विषय स्वतःचाच समजून वाचावा.

डेटाबेस म्हणजे काय? सातबारा आठवा.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, शेतकऱ्याच्या पोराला हे जास्त लवकर कळतं.

सातबारावर गट नंबर असतो, खाते क्रमांक असतो, फेरफाराचा क्रमांक असतो. आठ-अ वर एका खात्याखालच्या सगळ्या जमिनींची यादी असते. फेरफार नोंदवहीत जमीन कुणाकडून कुणाकडे कशी गेली ते असतं. तीन वेगळे कागद, पण खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक यांनी एकमेकांत ओवलेले. सातबारावरचा फेरफार क्रमांक धरून तलाठी मागची नोंद काढतो. त्याला जमीनमालकाला फोन करावा लागत नाही.

रिलेशनल डेटाबेस तंतोतंत असाच असतो. मिळकतींचं एक टेबल, मालकांचं एक, मागणीचं एक, पावत्यांचं एक. प्रत्येक मिळकतीला एक क्रमांक, तोच क्रमांक मागणीच्या टेबलात, तोच पावतीच्या टेबलात. कोणती टेबलं आहेत, त्यात कोणते रकाने आहेत, कोणता क्रमांक कुठे जोडलेला आहे, या सगळ्या आराखड्याला स्किमा म्हणतात. मी त्याला नकाशा म्हणतो.

नव्या ठेकेदाराला हवाय तो हाच नकाशा. जुनी कंपनी वेगळ्या पैशात विकतेय तोही हाच.

आता खरी गंमत ऐका. हा नकाशा डेटाबेसच्या पोटातच असतो. असावाच लागतो.

१९७० साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत एडगर कॉड नावाच्या माणसाने रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे १९८५ मध्ये त्याने खरा रिलेशनल डेटाबेस कशाला म्हणावं याचे नियम सांगितले. कॉडचे बारा नियम म्हणून इंजिनियरिंगची पोरं ते आजही परीक्षेसाठी पाठ करतात. त्यातला चौथा नियम असा, की डेटाबेसने स्वतःची रचनाही टेबलांच्याच रूपात स्वतःजवळ ठेवली पाहिजे, आणि ज्याला अधिकार आहे त्याला ती साध्या प्रश्नाने विचारता आली पाहिजे. १९९२ च्या एसक्यूएल मानकात तर त्यासाठी 'इन्फर्मेशन स्किमा' नावाची जागाच ठरवून दिली. मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, तिघांतही ती आहे. ओरॅकलमध्ये तेच काम त्याची स्वतःची डेटा डिक्शनरी करते. मोबाइलमध्ये असतो त्या इवल्याशा एसक्यूलाइटमध्येसुद्धा अशी एक यादी असते.

म्हणजे 'तुझ्यात कोणकोणती टेबलं आहेत?' असं डेटाबेसलाच विचारायचं. तो सांगतो. 'पावतीच्या टेबलात कोणते रकाने?' सांगतो. 'हा रकाना कुठे जोडलाय?' जोड नोंदवलेली असेल तर तेही सांगतो. कंपनी गावात असो नसो, मालक फोन उचलो न उचलो.

बटणावरच लिहिलंय

आणि हे प्रश्न हाताने टाइप करायचीही गरज नाही. त्यासाठी तयार साधनं आहेत. मायएसक्यूएल वर्कबेंच नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याच्या डेटाबेस मेनूत 'रिव्हर्स इंजिनियर' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ते दाबलं की चालू डेटाबेसवरून उलटा आराखडा काढून देतं. डीबीव्हर आहे, त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे आणि ती बहुतेक सगळ्या डेटाबेसना जोडता येते. स्किमास्पाय आहे, तेही फुकट. ते चालवलं की एका छोट्या वेबसाइटसारखी पानं तयार होतात. प्रत्येक टेबलाचं एक पान, त्यात रकाने, ओळींची संख्या, आणि हे टेबल कुठल्या टेबलांना बांधलंय त्याचं चित्र.

मी पत्रकार आहे, इंजिनियर नाही. पण लिहायच्या आधी करून बघितलं. नगरपरिषदेच्या डेटाला हात लावला नाही, लावायचा कुणालाच अधिकार नाही. मायएसक्यूएलवाले शिकणाऱ्यांसाठी 'सकिला' नावाचा एक नमुना डेटाबेस देतात, डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा. सोळा टेबलं आहेत. सॉफ्टवेअर बसवायला वेळ गेला तेवढाच. जोडल्यावर चहा गार व्हायच्या आत पूर्ण चित्र पडद्यावर. गिऱ्हाईक इथे, भाडं तिथे, पैसे तिथे, मधल्या रेघांसकट. त्या दुकानाबद्दल मला कुणी एक शब्द सांगितलेला नव्हता.

मग घरपट्टीचा नकाशा काढायला वेगळे पैसे कशाचे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

हे इतकं सोपं आहे का? नाही.

इथे मी हातचं राखून लिहिणार नाही. साधन नकाशा काढून देतं, पण नकाशावरच्या खुणांचा अर्थ सांगत नाही.

एक म्हणजे, बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोड नोंदवलेलीच नसते. मायएसक्यूएलचं जुनं मायआयसॅम इंजिन तर असं होतं, की टेबलांमधली जोड लिहिली तरी ते ती पाळत नसे. अशा डेटाबेसचं चित्र काढलं तर नुसते सुटे चौकोन दिसतात, रेघ एकही नाही. पण यावरही उपाय आहे. रकान्याचं नाव आणि प्रकार जुळत असेल तर 'ही जोड असावी' असा अंदाज स्किमास्पाय स्वतः बांधतो. मग तपासायचं. पावतीच्या टेबलातले सगळे मिळकत क्रमांक मिळकतीच्या टेबलात सापडतात का? सगळे सापडले तर जोड पक्की. काही थोडे सापडले नाहीत, तर त्या अनाथ पावत्या नेमक्या कुणाच्या, ही आपल्यासाठी बातमी!

दुसरं, रकान्याला नाव असतं 'फ्लॅग १' आणि आत लिहिलेलं असतं १, २ किंवा ९. ९ म्हणजे काय? पावती रद्द? चेक वटला नाही? करमाफी? हे जगातलं कुठलंही साधन सांगू शकत नाही. हे सांगतो त्या खिडकीवर वीस वर्षं बसलेला लिपिक. आणि तो लिपिक एक दिवस निवृत्त होतो. नारळ, शाल, श्रीफळ आणि भाषणं. त्याच्या डोक्यातला शब्दकोश त्याच्याबरोबर घरी जातो.

तिसरं आपल्याकडचंच खास दुखणं. जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसतो. श्री-लिपी, कृतिदेव किंवा सीडॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तो फॉन्ट नसला की मालकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. डेटा खराब झालाय असं सांगून इथे लोकांना गप्प बसवलं जातं. खराब झालेला नसतो. तो दुसऱ्या लिपीत बसलाय एवढंच. फॉन्ट ओळखला की परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो, मग नमुना तपासणी करायची.

हे वाचून काही आठवलं? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा महाराष्ट्रभर मोडी वाचणारे शोधावे लागले. कागद सरकारच्या कपाटात होता, गावाचाच होता, पण वाचणारा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाबाबत ते समजू शकतो. काल-परवाच्या घरपट्टीसाठीही मोडी वाचक शोधायची वेळ आणायची का?

कमी वेळात कसं करायचं?

'फार वेळ लागेल' हा आक्षेप येणारच. म्हणून या कामात असलेल्या दोघा-तिघांशी बोलून क्रम समजून घेतला. तो असा:

१. सगळ्यात आधी पूर्ण बॅकअप ताब्यात घ्या. तो वेगळ्या, इंटरनेट नसलेल्या मशीनवर उतरवा. चालू डेटावर प्रयोग नको. मूळ बॅकअपची एक प्रत सीलबंद ठेवा.

२. डेटाबेसलाच विचारून टेबलं, रकाने, किल्ल्या आणि ओळींची संख्या यांची यादी काढा. साधन असेल तर हे एका बैठकीचं काम आहे.

३. यादी ओळींच्या संख्येने लावा. रिकामी टेबलं, कुणीतरी कधीतरी 'टेम्प', 'ओल्ड', 'बॅकअप' नावाने करून ठेवलेली टेबलं बाजूला काढा. शेकडो टेबलांचं भूत इथेच उतरतं. खऱ्या कामाची टेबलं थोडीच निघतात.

४. नोंदवलेल्या जोडांचं चित्र काढा. नसलेल्या जोडा वर सांगितल्याप्रमाणे नावावरून ओळखा आणि आकड्यांवरून तपासा.

५. डेटाबेसमध्येच लिहून ठेवलेले व्ह्यू आणि प्रोसिजर वाचा. थकबाकी कशी मोजली जाते, व्याज कधी लागतं, ते गणित बऱ्याचदा तिथे असतं. कंपनीने प्रोसिजर कुलूपबंद केल्या असतील तरी टेबलं आणि रकाने दिसतातच.

६. या वेगळ्या मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चालत असेल तर त्यातून एक खोटी पावती फाडा आणि डेटाबेसचा लॉग बघा. कोणत्या टेबलात काय लिहिलं गेलं ते ओळीन् ओळ दिसतं. अंदाज संपतो.

७. शेवटी वसुली लिपिक, कर निरीक्षक आणि जमल्यास निवृत्त झालेले जुने कर्मचारी यांना शेजारी बसवून प्रत्येक रकान्यापुढे मराठीत अर्थ लिहा. त्याला डेटा डिक्शनरी म्हणतात. नकाशा आणि ही डिक्शनरी मिळून जे होतं ते गावाच्या मालकीचं दफ्तर.

पहिल्या चार पायऱ्यांत साधनं पुढे आणि माणूस मागे. शेवटच्या तिनांत माणूस पुढे. सगळं हाताने करायला बसलात तर महिने जातात हे खरं आहे. पण हाताने करा असं सांगतंय कोण?

पतसंस्थावाल्यांनीही कान इकडे द्यावेत. तुमच्याकडे अजून फॉक्सप्रोवरचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या डीबीएफ फाईलच्या सुरुवातीलाच रकान्यांची नावं आणि लांबी लिहिलेली असते. जोडा मात्र स्वतः शोधाव्या लागतील. अशक्य तिथेही नाही.

आता येणारे आक्षेप

'हे कंपनीचं बौद्धिक संपदा आहे.' सॉफ्टवेअरचा कोड कंपनीचा, मान्य. तो कुणी मागत नाही. पण त्यात भरलेली घरं आपली, नावं आपली, पैसे आपले. आणि कायदा वाचायचा तर पूर्ण वाचू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, पोटकलम (१), खंड (कख) च्या जागी इंग्रजीत 'एबी' आहे तो. प्रोग्रॅम ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याने, स्वतंत्रपणे बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमशी सांगड घालण्यासाठी अत्यावश्यक असलेली आणि एरवी सहज न मिळणारी माहिती मिळवण्यासाठी केलेली कृती हा कॉपीराइटचा भंग नाही, असं त्यात आहे. 'सहज न मिळणारी' हे शब्द लक्षात घ्या. कंपनीने नकाशा द्यायला नकार दिलाय, म्हणजे ती अट कंपनीनेच पूर्ण करून दिली. करारात वेगळी काही मेख मारलेली आहे का ते नगरपरिषदेच्या वकिलांनी बघावं, त्यांना त्याचीच फी मिळते.

'ही हॅकिंग आहे.' नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय शिरणाऱ्यासाठी आहे. इथे स्वतःच्या घराचं कुलूप स्वतः उघडायचंय, तेही मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी आदेशाने. उलट मी म्हणतो, लेखी आदेशाशिवाय कुणीच हात लावू नये. उत्साही पोरं असतील तर त्यांनीही नाही.

'लोकांची खासगी माहिती बाहेर जाईल.' हा आक्षेप खरा आहे, मी तो खिशात घालत नाही. आधार, मोबाइल नंबर, पत्ते, सगळं त्यात असणार. म्हणूनच वेगळं मशीन, इंटरनेट बंद, पेन ड्राइव्हला मनाई आणि काम करणाऱ्याची नोंदवही. पण लक्षात घ्या, नकाशात कुणाचं नाव नसतं. 'पावती क्रमांक, दिनांक, रक्कम' हे रकाने आहेत असं सांगितल्याने कुणाची रक्कम कळत नाही. आणि खासगीपणाची ही काळजी इतकी वर्षं सगळा डेटा ठेकेदाराकडे असताना कुठे होती?

'आमच्याकडे माणूस नाही.' जिल्ह्यात पॉलिटेक्निक आहे, इंजिनियरिंग कॉलेज आहे, एनआयसीचं जिल्हा केंद्र आहे. डेटाबेस हा कॉम्प्युटर डिप्लोमाच्या अभ्यासक्रमातला विषय आहे. एका अनुभवी माणसाला मानधन द्या, कॉलेजशी लेखी करार करा. माणूस नाही असं नाही, बोलावलेलं नाही.

खरी अडचण कुठे आहे

एका जागी मात्र सगळी साधनं हात टेकतात. बॅकअपच आपल्याकडे नसेल तर. सर्व्हर कंपनीचा, पासवर्ड कंपनीचा, बॅकअप कंपनीकडे, आणि आपल्याकडे फक्त ब्राउझरमधलं एक पान. तसं असेल तर नकाशा कशाचा काढणार? कपाटच दुसऱ्याच्या घरात आहे.

म्हणून मी म्हणतो, हा विषय कॉम्प्युटरचा नाहीच. निविदा काढताना कुणी काय लिहिलं आणि काय लिहायचं विसरलं, याचा आहे. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० मध्येच आणलं, ते एका विक्रेत्याच्या दावणीला सरकारी कामकाज बांधलं जाऊ नये म्हणूनच. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये पहिलीच जबाबदारी दिलीय, की सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख नीट सूचिबद्ध करून ठेवावेत. ज्या दफ्तराची यादी कार्यालयाला स्वतःलाच माहीत नाही, ते सूचिबद्ध कसं?

तेव्हा मागण्या अशा. पदाधिकारी आणि मुख्याधिकारी साहेब, दोघांसाठीही:

एक. नवा करार पुढे सरकण्याआधी जुन्या डेटाबेसचा संपूर्ण बॅकअप नगरपरिषदेच्या ताब्यात घ्या आणि तो उघडतो का ते दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे.

दोन. 'फक्त थकबाकी चढवणे' हा पर्याय विषयपत्रिकेवरून काढा. पावत्या, फेरफार, आकारणी, सवलती, सगळं आलं पाहिजे.

तीन. जुन्या कंपनीला वेगळे पैसे देण्याआधी वरच्या पद्धतीने नकाशा काढायला किती खर्च येतो याचं अंदाजपत्रक मागवा. दोन आकडे शेजारी ठेवा आणि मग सभेत बोला.

चार. नव्या करारात अट घाला. दर वर्षी ३१ मार्चला पूर्ण बॅकअप, ताजा स्किमा आणि मराठी डेटा डिक्शनरी कार्यालयात जमा. नाही तर शेवटचं बिल नाही. मराठी मजकूर युनिकोडमध्येच.

पाच. डेटा नव्या सिस्टीममध्ये आल्यावर प्रभागनिहाय बेरजा जुन्या-नव्या शेजारी लावून जाहीर करा. एकूण मिळकती, एकूण मागणी, एकूण वसुली. जुळल्या तर तुमचं अभिनंदन मी स्वतः लिहीन.

आणि तुमच्यासाठी, वाचकांनो, एकच काम. घरातल्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या जेवढ्या पावत्या सापडतील तेवढ्यांचा आज फोटो काढून ठेवा. निर्णय काय होईल ते होवो. शिवाय आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला फोन करून एवढंच विचारा, 'बॅकअप कुणाकडे आहे?' उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. पत्ता, मिळकत क्रमांक असलं काही खाली टाकू नका.

मी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकलेत. जुन्या करारात डेटा परत देण्याची अट होती का? शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आणि कुणाच्या ताब्यात? डेटाबेसच्या रचनेचा कोणताही दस्तऐवज कार्यालयात आहे का? कायद्याने ३० दिवसांत उत्तर यायला हवं. येईल तसं, एक अक्षर न बदलता इथेच टाकतो.